दोन फटके, दोन कारणं: उद्यमनगरातल्या एका जिप्सीचं निदान

(दृश्य: पन्हाळ्याचा चढ, मागच्या गाडीतून. मूळ आवाज पूर्ण ठेवावा.)

वाघबीळ मागे पडलं की पन्हाळ्याचा चढ सुरू होतो. पुढची पांढरी जिप्सी डावं वळण घेतेय. आता ऐका.

(फटक्याचा आवाज. चार सेकंद निवेदन नाही.)

बोनेटखाली एक फटका, पाठोपाठ दुसरा, आणि इंजिन बंद. चालक हँडब्रेक ओढतो, किल्ली फिरवतो. थोडा वेळ नुसता स्टार्टर फिरतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात इंजिन सुरू होतं. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच.

(दृश्य: उघडं बोनेट. टेपनं गुंडाळलेलं वायरिंग.)

ही जिप्सी किंग १९९०च्या दशकाच्या अखेरची, मुळात कार्ब्युरेटरवर चालणारी, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या साध्या यंत्रावर. २००० साली मारुतीनं जिप्सीत सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरनं पेट्रोल देणारं, इंजिन आणलं आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी बंदच केली. जुन्या जिप्सीवर जीव असलेल्या माणसांपुढे मग एक वाट उरते. भंगारात निघालेल्या मारुतीच्याच एस्टीम कारचं एमपीएफआय इंजिन घ्यायचं आणि जिप्सीत बसवायचं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी१३ कुळातली, दोन्ही १२९८ सीसीची. एस्टीममध्ये ते आडवं असतं, जिप्सीत उभं बसवावं लागतं. लोखंडाचं काम तसं सरळ आहे. आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो तेव्हा या गाडीत ते उरकलेलंही होतं.

अवघड काम त्यानंतरचं. कार्ब्युरेटरला फक्त पेट्रोल आणि मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ लागते. एमपीएफआयला ठरावीक दाब लागतो, स्वच्छ वीज लागते आणि प्रत्येक सेन्सरकडून खरी बातमी लागते. यातलं एक बिघडलं तरी इंजिन सुरू होतं. म्हणूनच बिघाड सापडत नाही.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातंय. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगची ठिणगी.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. फाउंड्री, मशीन शॉप, पॅटर्नवाले, वेल्डर, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सकाळी हवा तसा तुकडा कुणाला सांगितला तर तो संध्याकाळपर्यंत हातात पडतो. याच गल्लीतल्या एका गॅरेजमध्ये ही जिप्सी आली.

(दृश्य: पोत्यावर मांडलेले काढलेले पार्ट. कॅमेरा हळू डावीकडून उजवीकडे.)

मालकांनी गाडी आधी दुसरीकडे दाखवली होती. तिथं प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, प्लगला वीज देणाऱ्या दोन्ही कॉइल बदलल्या, इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकही आणला. काढलेलं सगळं सामान मालकांनी पोत्यात भरून सोबत आणलंय. या गॅरेजचे मिस्त्री एकेक पार्ट हातात घेऊन पाहतात. यातले बहुतेक चांगले आहेत. बदलण्याआधी एकही मोजून पाहिलेला नाही.

जुन्या गाड्या भंगारात जातात त्या अशाच. इंजिन संपलेलं नसतं, मालकाचा पैसा आणि धीर संपलेला असतो.

(दृश्य: मिस्त्री मालकांशी बोलताहेत. आवाज कमी करून त्यावर निवेदन.)

मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, फटका कुठून येतो? पुढून की मागून?

यावर जरा थांबू, कारण अर्धं निदान इथंच होतं. फटका पुढून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून आला, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणाचा जाळ सावकाश पसरतो. एक्झॉस्ट स्ट्रोक संपून इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो, तरी सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते. दारात उभं असलेलं ताजं मिश्रण ती पेटवते आणि फटका मॅनिफोल्डमध्ये बसतो. व्हॉल्व्हचं किंवा स्पार्कचं टायमिंग चुकलं तरी असं होतं.

मागून, सायलेन्सरमधून आला तर गोष्ट वेगळी. पेट्रोल सिलिंडरमध्ये जळलंच नाही. ते तसंच बाहेर पडलं, तापलेल्या पाइपात हवेला भेटलं आणि तिथं पेटलं. त्यामागे चुकलेला स्पार्क असेल, जास्त पडलेलं पेट्रोल असेल किंवा एक्झॉस्टच्या सांध्यातून आत ओढली जाणारी हवा.

मालक म्हणतात, चढाला पुढून येतो. रात्री दिवे लावले की मागून येतो, आणि तेव्हा आयडलिंगही हलतं.

मिस्त्रींनी इथं जे केलं ते आम्हाला फार मोलाचं वाटलं. त्यांनी दोन्ही तक्रारींना एक बिघाड मानलं नाही. इंजिन बदललेल्या गाडीत दोन-दोन बिघाड एकावर एक बसलेले असतात. एक काढला तरी दुसऱ्यामुळे गाडी तशीच वागते आणि बरोबर केलेली दुरुस्तीही चुकीची वाटू लागते.

(दृश्य: इंजिनाचा माथा, जवळून. मिस्त्रींच्या पुतण्याचं बोट एकेका वायरीवर.)

आधी सोप्या गोष्टी. या इंजिनाला दोन कॉइल. एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. प्रत्येक कॉइल आपल्या दोन्ही सिलिंडरमध्ये एकाच वेळी स्पार्क देते. त्यामुळे एक-चारच्या वायरी आपसात बदलल्या तरी काही बिघडत नाही. दोन कॉइलचे कनेक्टर मात्र एकमेकांत बदलले तर इंजिन सुरूच होत नाही, नुसते फटके मारतं. ही गाडी सुरू होते, रस्त्यानं पळते. म्हणजे तो संशय वायर न काढताच मिटला.

मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची व्हॅक्यूम नळीही पाहिली. ती चिरली तर ईसीएमला वाटतं इंजिनावर ओझं आहे आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. नळी ठीक होती. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थंड इंजिनावर मोजला, सव्वादोन हजार ओहमच्या आसपास. तोही ठीक.

(दृश्य: मल्टिमीटर. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर. लाल वायर इंजिनाच्या ब्लॉकवर.)

पुतण्या नव्या कॅम सेन्सरबद्दल विचारतो.

(मूळ आवाज: “काका, सेन्सर मागवू काय?” “बदलायचं नंतर बघू की. आधी मीटर लाव.”)

काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल थेट ब्लॉकच्या उघड्या धातूला. एरवी ही दोन्ही जोडलेली असतात, त्यामुळे मीटरनं जवळपास शून्य दाखवायला हवं. स्टार्टर फिरताना पाव व्होल्टपर्यंत चालतं.

(दृश्य: मीटरचा आकडा, जवळून.)

स्टार्टर फिरला आणि आकडा एक व्होल्टच्या वर गेला.

आता त्यांचा हात पाहा. ते बॅटरीकडे जात नाहीत. बोटं अॅक्सिलरेटरच्या केबलवर ठेवतात. केबल गरम आहे.

(दृश्य: केबलवर बोट. तीन सेकंद.)

अॅक्सिलरेटरची केबल गरम व्हायचं काही कारण नाही, तिच्यातून वीज जातच नाही. पण स्टार्टरचा करंट ब्लॉकमधून बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. जाड अर्थ पट्टी, म्हणजे करंट परत नेणारी तांब्याची पट्टी, नसली की तो मिळेल तिथून जातो. केबलमधून, गिअरच्या लिंकमधून, सेन्सरच्या बारीक वायरींमधून. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा करंटही त्याच वाटेनं फिरतो. दिवे लावले, ब्लोअर लावला की तो वाढतो. सेन्सर बोलतात पाच व्होल्टांच्या मापात. त्या मापाचा तळच अर्धा-पाऊण व्होल्टनं हलू लागला, तर ईसीएमला चुकीची बातमी मिळते. एखादा स्पार्क चुकतो, पेट्रोल न जळता मागे जातं. रात्रीचा फटका मागून यायचा, त्याचं कारण हे.

पट्टी गेली कुठं? एस्टीममध्ये ती गिअरबॉक्सच्या बोल्टला होती. गिअरबॉक्स जिप्सीचाच ठेवला, एस्टीमचा भंगारात राहिला आणि पट्टीही त्याच्यासोबत राहिली. चॅसिसकडची दुसरी एक बारीक वायर होती. ती नव्या रंगाच्या थरावर आवळलेली.

(दृश्य: चॅसिसवरचा रंग पॉलिश पेपरनं घासला जातोय. खाली चकचकीत लोखंड. नवी तांब्याची पट्टी. बोल्ट आवळला जातोय.)

रंग घासला, उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर बसवला, ब्लॉकपासून चॅसिसला एक आणि बॅटरीला एक अशा दोन जाड पट्ट्या जोडल्या. ईसीएमची अर्थ वेगळी, सरळ ब्लॉकवर. स्टार्टर पुन्हा फिरवला. आकडा पाहा.

(दृश्य: मीटर. निवेदन नाही.)

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्यात नीट आली नाही, पण सांगायला हवी. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीच्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा नसतो. इंजिन बदलताना तो बसवायचं कुणाला सुचत नाही. ईसीएमला बिघाड कळतो, तो दाखवायला जागा नसते. मिस्त्रींनी स्पीडोमीटरच्या शेजारी एक छोटा बल्ब लावला. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत होता. पुतण्या वाचत होता, काका वायरीचा रंग आणि रेघ शोधत होते.

(दृश्य: वाइपरजवळ टेपनं चिकटवलेला प्रेशर गेज. मागे पन्हाळ्याचा रस्ता.)

आता पुढचा फटका. त्यासाठी गाडी रस्त्यावरच न्यावी लागली. पेट्रोलच्या लाइनमध्ये टी आकाराचा जोड टाकून दाबाचा गेज जोडला आणि काचेच्या बाहेरून चालकाला दिसेल असा चिकटवला. नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढली. गेज गाडीत घेतला नाही, कारण दाबाखालची पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथं आणायची नसते.

जुन्या कार्ब्युरेटरला पाव किलो दाब पुरत होता. या इंजिनाला अडीच ते तीन किलो लागतो. पंप बाहेरून चॅसिसला बसवलेला, टाकी मात्र जुनीच. सपाट रस्त्यावर काटा जागेवर आहे. वाघबीळ आलं. चढ लागला. टाकीत पाव टाकी पेट्रोल.

(दृश्य: डावं वळण. काटा खाली येतोय. फटका. काटा तळाला. इंजिन बंद. पूर्ण आवाज.)

काटा आधी पडला, फटका नंतर आला. एवढंच हवं होतं.

जुन्या टाकीत पेट्रोलला अडवणारं काही नाही. चढावर, वळणावर कळशीतलं पाणी कलतं तसं पेट्रोल एका बाजूला जातं, ओढणारी नळी उघडी पडते आणि पंप हवा गिळतो. कार्ब्युरेटरला हे कळायचंही नाही, कारण त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल कायम शिल्लक असायचं. इंजेक्टरला अशी शिल्लक नसते. दाब गेला की मिश्रण लगेच पातळ होतं, इनटेकमध्ये फटका बसतो आणि इंजिन मरतं. गाडी थांबली, पेट्रोल परत जागेवर आलं, पंपानं दाब भरला की गाडी सुरू. पहिल्या दृश्यात स्टार्टर जो वेळ घेत होता, तो दाब भरायला लागणारा वेळ.

(दृश्य: वेल्डरचं दुकान. पत्रा कापला जातोय, गोल वळतोय. टिग वेल्डिंग. हे दृश्य लांब ठेवावं.)

एमपीएफआय जिप्सीची मूळ टाकी मिळाली असती, आतल्या पंपासकट, तर तीच बसवणं सगळ्यात चांगलं. शोधूनही ती मिळाली नाही. मग गल्लीच्या टोकाला वेल्डरकडे लिटरभराचं एक उभं भांडं करून घेतलं. टाकीतून कमी दाबाचा छोटा पंप या भांड्यात पेट्रोल सतत भरत राहतो. भांड्याच्या तळातून मोठा पंप ओढतो आणि इंजिनाकडे दाबानं पाठवतो. इंजिनाकडून परत येणारं पेट्रोलही याच भांड्यात येतं, जास्त झालेलं वरच्या नळीतून टाकीत जातं. टाकीतल्या नळीनं काही क्षण हवा ओढली, तरी भांड्याचा तळ भरलेला राहतो.

वेल्डरनं नकाशा मागितला नाही. नळ्या कुठून येणार, कुठं जाणार, कोणत्या तोंडाला किती आटे, एवढंच विचारलं.

(दृश्य: भांडं पाण्याच्या बादलीत. तोंडं बंद, एका तोंडातून हवा. सगळे वाकून बुडबुडे शोधताहेत.)

एका सांध्यावर बारीक बुडबुडा दिसला. भांडं बाहेर काढलं, तो सांधा पुन्हा वेल्ड केला, पुन्हा बुडवलं. कार्ब्युरेटरच्या काळातली रबरी नळी काढून इंजेक्शनच्या दाबाची नळी आणि तिचेच क्लिप वापरले. जुनी नळी हा दाब धरत नाही आणि ती गरम इंजिनावर फुटली तर गाडी पेटते.

(दृश्य: पुन्हा चढ. गेज. डावं वळण, उजवं वळण. काटा.)

तोच रस्ता, तेवढंच पेट्रोल.

(निवेदन नाही. पूर्ण वळण जाऊ द्यावं.)

(दृश्य: गडावरचा वाहनतळ. दिवे लावून गाडी आयडलिंगला.)

दिवे लावले, ब्लोअर लावला, हॉर्न दाबला. आयडलिंग हललं नाही. पोत्यातले जुने प्लग आणि मूळ कॉइल मिस्त्रींनी परत बसवल्यात. मूळ ईसीएमही परत बसवलाय. गाडी त्यांच्यावरच चाललीय.

इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये ते आहे. आरसीवर इंजिनाचा नंबर जुळला नाही तर अपघातात विम्याचा दावा अडू शकतो.

(दृश्य: सिग्नलला थांबणारी जिप्सी. स्पीडोमीटरची केबल, जवळून.)

एक काम राहिलंय. गाडी थांबताना, क्लच दाबल्यावर, आयडलिंग क्षणभर फार खाली जातं. या ईसीएमला गाडीचा वेग सांगणारा सिग्नल लागतो आणि जुन्या जिप्सीचा स्पीडोमीटर नुसत्या केबलवर फिरतो. एमपीएफआय जिप्सीचा वेग सेन्सर असलेला मीटर मिळाला तर तो या जागी बसेल. मिस्त्रींनी जुन्या बाजारात सांगून ठेवलंय. आल्यावर तोही आधी टेबलावर मोजला जाईल.