उसाचं आम्ल आणि चुलवाणाची धग

नमस्कार श्रोतेहो. मी त्वचेची डॉक्टर. आज केमिकल पीलविषयी बोलते.

पील म्हणजे साल काढणं. चेहऱ्यावर ठरावीक ताकदीचं आम्ल मोजून काही मिनिटं लावायचं, म्हणजे वरचा मेलेला थर सुटतो आणि खालची नवी त्वचा वर येते. एरवीही आपली कातडी झडतच असते. तळातली पेशी वर येऊन गळायला साधारण 28 दिवस लागतात. पील तेच काम लवकर करून घेतं. यातलं ग्लायकॉलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आम्ल आपल्या दह्यात. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला ते मानवतं. ही काल-परवाची टूम नाही बरं का. जर्मनीतले डॉक्टर उन्ना यांनी 1882 सालीच सॅलिसिलिकसारख्या आम्लांनी साल काढण्याबद्दल लिहून ठेवलं होतं.

आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे. तिला दुखावलं की ती डाग धरते. तेलाचा थेंब उडाला, मुरूम फोडला, तर लाली जाते आणि काळं मागे उरतं. म्हणून आपल्याकडे पील हलकंच करायचं, दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं आणि आधी क्रीम लावून त्वचेची तयारी करून. हलकंच, हे लक्षात ठेवा. लग्न आठ दिवसांवर आलं असताना पीलसाठी मुली येतात, त्यांना मी परत पाठवते.

आता कोल्हापूरकडची एक गोष्ट सांगते. करवीर तालुक्यातली एक सून माझ्याकडे यायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलेला. आम्ही ग्लायकॉलिकची दोन पील केली. मी लावायची, सोड्याच्या पाण्यानं उतरवायची, आणि घरी जाताना बजावायची, "उन्हात जायचं नाही." दोन्ही वेळा छान झालं, वांग निम्म्यानं फिका पडला.

तिसरं पील जानेवारीत केलं. आठ दिवसांनी बाई आली ती पदर गालावर ओढूनच. पदर बाजूला केला, तर गाल आधीपेक्षा काळे. जळक्या पोळीसारखे तपकिरी पट्टे. माझ्या पोटात धस्स झालं.

"ताई, उन्हात गेलात का?"

"न्हाई म्याडम. देवाशपथ पाऊल टाकलं न्हाई."

"सनस्क्रीन?"

"लावतोय की रोज."

"पोपडे ओढून काढले?"

"हात लावला न्हाई."

आम्लाची ताकद पाहिली, कागदावरची मिनिटं पाहिली. सगळं ठीक. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तिनं पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. काकवी. मी उचलली, तर बाटली कोमट होती.

"आजचीच का हो?"

"व्हय, पहाटेची. रात्रंदिस गुऱ्हाळ सुरू हाय. चुलवाणावरचा गडी गावाला गेलाय, म्हणून चिपाडं मीच सारतोय."

"अहो, पील केल्यापासून?"

"व्हय. पर रातचीच जातोय म्याडम. रातचं कुठलं आलंय ऊन?"

ज्यांनी चुलवाण पाहिलंय त्यांना सांगायला नको. वर काहिलीत रस उकळत असतो, खाली चिपाडं धडधडत असतात, आणि सारणाऱ्याचं तोंड त्या ज्वाळेसमोर हातभर अंतरावर. साल नुकती उतरलेली, खाली कोवळी कातडी. वांगाला जसं ऊन चालत नाही तशी धगही चालत नाही. बाईनं माझा शब्द अक्षरशः पाळला होता. चूक माझी होती. मी ऊन म्हटलं, धग म्हटलंच नाही.

डाग उतरायला चार महिने गेले. सनस्क्रीन, रात्रीचं क्रीम, बाकी काही नाही. गुऱ्हाळ बंद होईपर्यंत मी पीलचं नाव काढलं नाही. चुलवाणावर मग तिचा नवरा बसू लागला, सासूबाईंनीच बसवलं त्याला.

काकवी मात्र फार सुरेख होती, गरम भाकरीबरोबर चार दिवस खाल्ली. हल्ली गिऱ्हाईकाला गूळ पिवळाधमक लागतो, म्हणून गुळात नको ते घालतात. मला विचाराल तर काळपट गूळच खरा. चेहऱ्याचंही हेच. गोरं करा म्हणणाऱ्याला मी सांगते, मी डाग काढते, रंग काढत नाही.

तर तेव्हापासून पीलच्या आधी मी सगळ्यांना विचारते, तुम्ही कुठल्या धगीसमोर उभ्या राहता? भट्टी, इस्त्रीचं दुकान, खानावळीतला तवा? पुन्हा सांगते, आठवडाभर ऊन नको आणि धगही नको. ऊन नको, धगही नको. पोपडा सुटला तरी ओढू नका, त्याचा तो पडू दे. बेसन-लिंबू तर मुळीच नको. गरोदर असाल, ओठांवर सारखे तापाचे फोड उठत असतील, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि 50 टक्के, 70 टक्के लिहिलेल्या बाटल्या घरपोच मागवून आरशासमोर स्वतः लावू नका. आम्ल कधी उतरवायचं हे घड्याळापेक्षा कातडीकडे बघून कळतं, आणि ती नजर वर्षानुवर्षांच्या सरावानं येते.

ती बाई अजून येते, पण पील आम्ही पावसाळ्यात करतो. गुऱ्हाळ तेव्हा बंद असतं.