पळसाला पानं तीनच

(पहाट, जंगलाची कड)
पळसाला पानं तीनच. त्यातलं मधलं मोठं, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या, पत्रावळी लावणाऱ्या या बायकांची नजर आधी त्यावरच जाते. वैशाखात पान भरलं की ऊन चढायच्या आत ओटी भरून घरी.

(अंगण, हात)
मधे एक पान. कडेनं सहा-सात. जोडायला बांबूची काडी, सुईसारखी बारीक सोललेली. टोचली, मोडली, पुन्हा टोचली, मोडली. दोरा नाही, डिंक नाही. पान पानावर नीट चढलं की पातळ वरणही खाली उतरत नाही. मग चळत रचायची, वर दगड, आणि उन्हं. ओलीच बांधली तर बुरशी धरते. शंभराचा एक गठ्ठा व्हायला दुपार जाते. बोलणं मात्र थांबत नाही.

(आठवडी बाजार)
गठ्ठ्याच्या शेजारीच थर्माकोलच्या चंदेरी प्लेटा. महाराष्ट्रात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे; पहिल्यांदा सापडलं तर दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून देशभरही बंदी. दुकानदाराला माहीत आहे, गिऱ्हाइकाला माहीत आहे. ‘बंदी आहे का?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘आहे नं जी.’ आणि पुढचंच वाक्य, ‘पन्नीत द्या.’ पन्नी म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी.

जाडी १२० मायक्रॉनपेक्षा कमी असलेली पिशवी चालत नाही, असा देशभरचा नियम. इथल्या तराजूवर मायक्रॉन मोजत नाहीत.

पहाटेच्या बायकांतलीच ही एक. गठ्ठा विकला, आता तिचा बाजार. टमाटर एका पन्नीत, मिरची दुसऱ्या, सुकी मासोळी तिसऱ्या. थैली आहे तिच्याकडे. पण मासोळीचा वास भाजीला लागतो, म्हणते. खरंच आहे. तिच्या आईच्या वेळी मासोळी पळसाच्या पानातच बांधून मिळायची.

(उकिरडा, गाय)
पन्नी गाईच्या पोटात साचते, पावसाळ्यात नाली तुंबवते.

(संध्याकाळ, चूल)
पन्न्या रिकाम्या झाल्या. एक खुंटीला, उद्याच्या डब्यासाठी. दुसरी धुऊन वाळत. तिसरी मासोळीची, ती चुलीत. ओलं लाकूड तिच्यामुळं लवकर पेट घेतं.