काट्यावरचं शास्त्र

(दृश्य: पऱ्हाटीचं शेत, दिवस कललेला. बांधावर कापसाची गाठोडी, तिवईला टांगलेला काटा.)

यवतमाळ जिल्ह्यात वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी गाठोडं आकड्याला लागतं, काटा साडेतेवीसवर थांबतो आणि वहीत 23 लिहिलं जातं. वरचा अर्धा किलो 'सुटला' म्हणतात. सुटला, म्हणजे कुणी घेतलाच नाही!

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय नेमका या वहीवर बोट ठेवतो. तराजू खरा हवा, वजनं खरी हवीत, मजुराची मजुरी सकाळपर्यंत घरात ठेवायची नाही. आज्ञा याजकांपुरती, म्हणजे पुरोहितांपुरती नव्हती, साऱ्या लोकांना होती. तेव्हा वजनं दगडाची असत. यहूदा या जुन्या राज्याच्या भागात सापडलेले शेकेलाचे, म्हणजे त्या काळच्या वजनाच्या मापाचे दगड साधारण 11 ग्रॅमचे भरतात. लबाड व्यापारी पिशवीत दोन दगड बाळगी: घ्यायला मोठा, विकायला लहान. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात या पिशवीलाच मनाई आहे.

इ.स.पू. 8व्या शतकात आमोस हा संदेष्टा हेच बोलला. गुरं राखणारा, उंबराची झाडं सांभाळणारा माणूस. इस्राएलचं राज्य तेव्हा पैशानं गबर होतं, आणि बाजारात माप लहान झालं होतं, गव्हात भूस मिसळत होतं. पुढं इ.स.पू. 722च्या सुमारास त्याची राजधानी शोमरोन पडली. ती अश्शूर साम्राज्याच्या फौजेनं घेतली. संदेष्ट्यांनी मात्र राष्ट्राची कीड मापात शोधली.

(दृश्य: खेडा खरेदीची गाडी, इलेक्ट्रॉनिक काटा.)

आता दगड गेले. इलेक्ट्रॉनिक काटा तपासायला पाच मिनिटं पुरतात. काटा सपाट जागी ठेवा, रिकामा असताना शून्य बघा. शिक्क्याचं 20 किलोचं वजन आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. आकडा सगळीकडं तोच यायला हवा. एका कोपऱ्यात कमी आला तर पाय वाकडा आहे किंवा आतला वजन टिपणारा भाग, लोडसेल, बिघडलाय. पडताळणीचा शिक्का 12 महिन्यांच्या आतला हवा. फडक्याचं वजन आधी वेगळं करा, अंदाजानं वजा करू नका.

ओलाव्याची कटती मात्र खोटी नाही. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, पुढं भाव उतरतो, 12च्या वर माल परत जातो. खेड्यात बहुधा मीटरच नसतो. व्यापारी कापूस मुठीत दाबतो, "ओला हाय" म्हणतो आणि क्विंटलमागं हवं तेवढं कापतो. तिकडं काही शेतकरीही रात्री गंजीवर पाणी मारतात. या भागात घरोघरी ग्रामगीता आहे, गावोगावी सप्ताह होतात. ग्रंथाची वाण नाही. वाचलेलं ओट्यावरून काट्यापर्यंत पोचत नाही, अडचण तिथं आहे.

मजुरीचंही तसंच. बाजाराच्या दिवशी चुकारा करायचा असं दोघांनी ठरवलं, तर तो दिवस म्हणजेच मुदत. बिघडतं ते "कापूस विकला की देतो" या वाक्यानं. त्यामागं नेहमी लबाडी नसते, हातात पैसाच नसतो. म्हणून वेचणीची रक्कम पेरणीच्या हिशेबातच बाजूला काढावी लागते, बियाण्या-खतासारखी.

लेवीय शेताचा कोपराही मागतं. कड कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. किती, ते तिथं लिहिलेलं नाही. यहुदी परंपरेनं पुढं किमान साठावा हिस्सा ठरवला. पाच एकर म्हणजे 200 गुंठे; त्यात सव्वातीन गुंठ्यांहून थोडं जास्त. हार्वेस्टर धुऱ्यापर्यंत सोयाबीन कापतो, म्हणून ही पट्टी मशीन शेतात शिरण्याआधीच आखून ठेवावी.

(दृश्य: वही, पेन, मोजलेल्या नोटा.)

आणि ज्यानं आधीच कमी मोजलं, त्यानं काय करायचं? लेवीयच्या 6व्या अध्यायात हिशेब दिलाय: मूळ रक्कम, वर तिचा पाचवा हिस्सा. समजा 15 क्विंटलवर क्विंटलमागं 2 किलो दाबले. ते झाले 30 किलो. क्विंटलला 7,000 रुपये भाव धरला तर 2,100 रुपये, वर 420. एकूण 2,520. ज्याचे, त्याच्या हातात द्यायचे. देवाच्या दारातलं अर्पण त्यानंतर.