उकळी येण्याआधी

पत्रिकेवर विषय 'घरच्या घरी रामेन' असा छापलाय. मी मात्र आज उदोनवर, म्हणजे सूपातल्या गव्हाच्या जाड शेवयांवर बोलणार आहे. रामेनचं हाडांचं सूप बारा-बारा तास रटरटत ठेवावं लागतं, आणि आपल्या घरात तेवढा वेळ तो वास कुणी सहन करणार नाही. उदोन तासाभरात होतो. पीठ तेवढं आधी मळून ठेवायचं आणि सूपाचं साहित्य रात्रीच भिजत घालायचं.

मी काही वर्षं शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात राहिले. त्याचं जुनं नाव सानुकी. तिथे पाऊस कमी, त्यामुळे भाताची ओढाताण आणि गव्हाची सोय. मीठ किनाऱ्यावरचं, सोया सॉस जवळच्या शोदोशिमा बेटावरचा, आणि समुद्रात 'इरिको' म्हणजे इवलीशी मासळी. आपण सकाळी मिसळ खातो तसे तिथले लोक कामावर जाताना उदोन खाऊन जातात, दहा मिनिटांत, कधी कधी उभ्यानेच.

सगळी मेख 'दाशी'त आहे. दाशी म्हणजे सूपाचं पाणी. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम कोंबू, ही होक्काइदोच्या थंड समुद्रातली समुद्रवनस्पती. तिच्यावर पांढरी भुकटी दिसते. बुरशी समजून ती धुऊन टाकू नका, ओल्या फडक्याने नुसतं पुसा. सोबत 20 ग्रॅम इरिको, डोकं आणि पोटातला काळा भाग काढून. तो राहिला की कडवटपणा आलाच. रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. सकाळी मंद आचेवर चढवा आणि तिथून हलू नका. पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले की कोंबू बाहेर. उकळी आली तर पाणी बुळबुळीत होतं, शेवाळासारखा वास मारतं. आपल्या हाताला कढ आणायची सवय, त्यामुळे माझी पहिली चार-पाच पातेली मोरीत गेली. कोंबू काढल्यावर मासळी हलक्या आचेवर सात-आठ मिनिटं, फेस काढत. मग गाळायचं, पण पिळायचं नाही.

'सुकी मांदेली चालेल का?' हे दर वेळी विचारलं जातं. मी करून पाहिलंय. नाही चालत. इरिको आधी खारट पाण्यात उकडून मग वाळवतात. आपली मांदेली कच्चीच उन्हात पडते. तिचा वास कालवणात हवाहवासा वाटतो, इथे तो सगळ्यांवर कुरघोडी करतो.

तोक्योच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. वाळवलेल्या मासळीत असतं असंच दुसरं द्रव्य, इनोसिनेट. दोन्ही एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी चढते. म्हणून दोन्ही हवीत. शाकाहारी मंडळींनी मासळीऐवजी वाळलेले शिताके मशरूम गार पाण्यात भिजवा, तिथेही असाच मेळ जमतो. आणि पाणी बोअरचं नको. जड पाण्यात कोंबू आपला रस सोडत नाही.

गाळलेल्या दाशीत मिठाची चिमूट, दोन चमचे सोया सॉस, तेवढीच मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू. मिरिन नसेल तर थोडी साखर. झालं.

आता शेवया. 300 ग्रॅम मैदा, 15 ग्रॅम मीठ, साधारण 140 मिलि पाणी. जुने कारागीर हिशेब सांगतात, 'दो-सान, कान-रोकु': उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, थंडीत सहा. उन्हात पीठ सैल पडतं, म्हणून मिठाने आवळायचं. गोळा इतका घट्ट होतो की हाताने मळवत नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर उभं राहायचं, टाचेने तुडवायचं. हसताय, पण तिथल्या आज्या असंच करतात. दोन तास झाकून ठेवा, लाटा, घडी घालून सुरीने कापा. भरपूर बिनमिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकडा. हो, इथे मात्र खळखळून उकळी हवी. मग लगेच गार पाण्याखाली चोळून धुवा, पिष्टाचा चिकटपणा गेला पाहिजे. त्यानेच 'कोशी' येते, म्हणजे दाताखालचा तो तटतटीतपणा. वाढताना पुन्हा गरम पाण्यातून काढायच्या.

मघाशी कुणीतरी विचारलं, खाताना आवाज करायचा का. करायचा. शेवयांबरोबर हवाही आत ओढली जाते, तोंड पोळत नाही आणि वास नाकात चढतो. बशीतून चहा भुरकणाऱ्या माझ्या आजोबांना हे शिकवावं लागलं नसतं.

चला, पाणी तापलंय. पुढच्या रांगेतल्यांनी वाट्या घ्या, आणि पातेल्याकडे कुणीतरी लक्ष ठेवा.