घसरणाऱ्या चाकांवरचा ताबा : केइइची त्सुचिया

मित्रहो, जपानी मोटार शर्यतपटू केइइची त्सुचिया यांच्याविषयी बोलायचे, तर सुरुवात कुनिमित्सु ताकाहाशी यांच्यापासून करावी लागते. ताकाहाशी मुळात मोटरसायकलस्वार होते. १९६१ साली पश्चिम जर्मनीतील हॉकेनहाइम येथे त्यांनी होंडाच्या २५० सीसी मोटरसायकलवर ग्रां प्री शर्यत जिंकली आणि असा विजय मिळवणारे ते पहिले जपानी ठरले. पुढच्याच वर्षी आयल ऑफ मॅनवरच्या शर्यतीत झालेल्या अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि काही काळाने मोटारींच्या शर्यतींकडे वळले. निस्सान स्कायलाइन चालवताना ते वळणात मोठ्या वेगाने शिरत, मागची चाके घसरू देत आणि गाडी आडवी असतानाच वळणाच्या आतल्या कडेला लागून बाहेर पडत. त्या काळच्या टायरांची पकड बेताची होती. गाडी घसरणारच असेल तर ती आपल्या मर्जीने घसरवावी, असा तो रोकडा हिशेब होता. हे पाहून भारावलेल्या तरुणांपैकी एक होते त्सुचिया.

त्सुचियांचा जन्म ३० जानेवारी १९५६ रोजी नागानो प्रांतात झाला. हा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या डोंगरवाटांना जपानीत ‘तोगे’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर घाट. नागानो आणि गुन्मा यांच्यामधल्या उसुइ घाटाशी त्सुचियांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९७७ साली त्यांनी फुजी सर्किटवर नवोदितांसाठी असलेल्या ‘फ्रेशमन’ मालिकेतून शर्यतींत पाऊल टाकले आणि पुढे १९८० च्या दशकात टोयोटाच्या एई८६ स्प्रिंटर ट्रुएनो या मोटारीने त्यांना नाव मिळवून दिले.

या गाडीजवळ थोडे थांबू. तिला जपानमध्ये सगळे ‘हाचिरोकु’, म्हणजे नुसते ‘आठ-सहा’ म्हणतात. इंजिन अवघे १६०० सीसीचे आणि वजन एक टनाच्या आत. ही टोयोटाच्या कोरोला कुटुंबातलीच गाडी; त्या पिढीतल्या बहुतेक कोरोला गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली होती, या गाडीत मात्र ती मागच्याच चाकांना मिळत राहिली. आता उतारावरचे वळण डोळ्यांपुढे आणा. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड कमी होते. नेमक्या त्याच क्षणी स्टिअरिंग वळवले की गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फिरू लागतो. इथून पुढे चालकाच्या हातापायांची परीक्षा असते. स्टिअरिंग उलट दिशेला सोडायचे, उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक सांभाळत टाचेने ॲक्सिलरेटर हलकेच दाबून खालचा गिअर टाकायचा आणि मग केवळ ॲक्सिलरेटरच्या कमी-जास्त दाबावर गाडीचा कोन धरून ठेवायचा. दाब थोडा अधिक झाला तर गाडी गर्रकन फिरते. थोडा कमी पडला तर चाके एकदम पकड घेतात आणि गाडी भलतीकडे झेपावते. हे सारे वळणाच्या आधी ठरवता येत नाही. ते आसनाखालून अंगाला जाणवावे लागते.

१९८७ साली घाटातल्या त्यांच्या ड्रायव्हिंगची एक व्हिडिओफीत निघाली. ती हातोहाती पसरली आणि सार्वजनिक रस्त्यावरच्या त्या करामतीपायी त्यांचा वाहन परवाना काही काळासाठी निलंबित झाला. ती शिक्षा मला योग्यच वाटते, कारण घाटात समोरून येणाऱ्या माणसाने या खेळाला संमती दिलेली नसते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. मोटार मासिकाचे संपादक दाइजिरो इनादा यांच्यासोबत त्सुचियांनी या खेळाला रस्त्यावरून बंदिस्त सर्किटवर आणले. २००० साली फुकुशिमा प्रांतातील एबिसु सर्किटवर पहिली स्पर्धा झाली आणि त्यातून ‘डी१ ग्रां प्री’ ही मालिका उभी राहिली. २००१ साली नोबुतेरु तानिगुची तिचे पहिले विजेते झाले. इथे घड्याळ लावून निकाल लागत नव्हता. वेग, गाडीचा कोन आणि वळणातून घेतलेली रेषा यांवर परीक्षक गुण देत; पुढे जोडीच्या फेरीत दोन गाड्या एकमेकींना खेटून आडव्या जात. मुख्य परीक्षक स्वतः त्सुचिया असत. ज्या गोष्टीला तोवर केवळ टाळ्या किंवा शिव्या मिळत होत्या, तिला त्यांनी मोजमाप दिले, आणि मोजमाप आले म्हणूनच ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळण घेणे, हा व्यवसाय होऊ शकला. २०१० च्या अखेरीस ते डी१ मधून बाहेर पडले, पण मालिका चालू राहिली.

आता पुन्हा थोडे मागे जाऊ, कारण त्यांच्या कारकिर्दीचे मर्म मला फ्रान्समधल्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत सापडते. १९९९ साली तिथे त्सुचिया, उक्यो कातायामा आणि तोशिओ सुझुकी हे तीन जपानी चालक टोयोटा जीटी-वन घेऊन सगळ्या गटांत मिळून दुसरे आले. शेवटच्या तासात कातायामा आघाडीच्या बीएमडब्ल्यूचा पाठलाग करत असताना टायर फुटला नसता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. तरीही मी त्याच्या चार वर्षे आधीची शर्यत मोठी मानतो.

१९९५ साली ताकाहाशींच्या संघाने होंडा एनएसएक्स ही मोटार ल मांच्या शर्यतीत जीटी२ या गटात उतरवली. चालक तिघे होते : स्वतः ताकाहाशी, अकिरा इइदा आणि त्सुचिया. समोर पोर्शच्या टर्बो गाड्या होत्या. एनएसएक्सच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे जास्तीची हवा आत ढकलून ताकद वाढवणारे यंत्र, नव्हता. साडेतेरा किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या शर्यतमार्गावर त्या वर्षी तासन्‌तास पाऊस पडत राहिला. गाडी आडवी घालण्यासाठी जगाने ज्याला ओळखले, त्या माणसाला इथे नेमके उलट करायचे होते. ओल्या रस्त्यावर, रात्रीच्या काळोखात, पकड सुटण्याच्या अगदी अलीकडे गाडी राखायची आणि ती तशीच दुसऱ्याच्या हाती सोपवायची. पकड कुठे सुटते हे ज्याने हजारो वेळा मुद्दाम अनुभवले आहे, त्यालाच तिच्या अलीकडची जागा इतकी अचूक कळत असावी, असे मला वाटते. २४ तासांनंतर ८४ क्रमांकाची ती गाडी संपूर्ण शर्यतीत आठवी आणि आपल्या गटात पहिली आली. त्या दिवशी त्सुचिया ३९ वर्षांचे होते. ज्यांचे पाहून ते गाडी घसरवायला शिकले होते, ते ताकाहाशी ५५ व्या वर्षी त्याच गाडीचे स्टिअरिंग त्यांच्याशी आलटून-पालटून सांभाळत होते.