पावसाळ्यात घरी, हिवाळ्यात बोटीवर

श्रोतेहो, नमस्कार.

आम्ही शिडाच्या बोटीवर राहतो असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनपैकी एक चित्र उभं राहतं. एक कॅलेंडरवरचं: निळं पाणी, पांढरी वाळू, हातात शहाळं. दुसरं नौदलातल्या दिलीप दोंदे यांचं. २००९ च्या ऑगस्टमध्ये ते 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट बांधली होती गोव्यात, दिवाडी बेटावर. पुढे 'तारिणी'वरून नौदलाच्या मुलीही जगाला फेरी मारून आल्या. त्यांचा मार्ग दक्षिण महासागरातला, बोटं गोठवणाऱ्या थंडीतला. तेव्हा कुणी मला त्यांच्या पंगतीला बसवलं की मी आधी उठून उभी राहते. आम्ही संसार करतो, एवढंच. तो पाण्यावर आहे आणि अकरा मीटर लांब आहे.

बोट असते ग्रेनाडाला. कॅरिबियन समुद्राच्या पूर्वेला बेटांची जी रांग आहे, तिच्या दक्षिण टोकाला, बारा अंश उत्तर अक्षांशावर. लोकवस्ती लाख-सव्वा लाख, पण देश स्वतंत्र, आणि त्याच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. १ मे १८५७ ला 'मेडस्टोन' नावाचं जहाज भारतातून मजूर घेऊन या बेटावर लागलं. आज तिथे टपरीवर जी रोटी मिळते, रस्सा आत गुंडाळलेली, ती त्यांच्याबरोबर आलेली.

माझा नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होता. नोकरी सोडल्यावर त्याला समुद्र सोडवेना आणि मला आता एकटीनं घरी राहायचं नव्हतं. मग त्याच रांगेतल्या मार्टिनिक बेटावर जुनी बोट बघितली, घेतली. यात धाडस वगैरे काही नव्हतं, इतकी वर्षं तो तिकडे नि मी इकडे याचा कंटाळा होता.

आता तिथला वारा. आपल्या कोकणात रात्री-पहाटे मतलई आणि दुपारी खारा, म्हणजे वारा रोज तोंड फिरवतो. तिथे डिसेंबर उजाडला की पूर्वेचा वारा जोर धरतो तो पंधरा-वीस नॉटनं, म्हणजे ताशी तीस-पस्तीस किलोमीटरनं, दिवसरात्र वाहतच राहतो. म्हणून बेटाच्या पश्चिमेला नाहीतर दक्षिणेच्या खाड्यांत आडोसा बघून नांगर टाकायचा. पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट तरी साखळी सोडायची, मग इंजिन उलटं चालवून नांगर रुतला का ते बघायचं, आणि तरीही रात्री एकदा उठून बाहेर डोकवायचं. शेजारची बोट कालच्या जागी आहे ना? की आपणच सरकलो?

दिवस जातो तो उस्तवारीत. पाण्याची टाकी साडेतीनशे लिटरची. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यात विसळायची. सर आली की ताडपत्रीच्या झोळीला नळी लावून टाकी भरून घ्यायची. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, पण त्याला वीज लागते आणि वीज येते सूर्याकडून. त्यामुळे मिक्सर फक्त दुपारी, बॅटऱ्या भरल्यावर. ढगाळ दिवशी आमच्याकडे इडलीचं पीठ वाटत नाहीत. शेगडी झोपाळ्यावर टांगल्यासारखी असते. बोट कलली तरी ती सपाट राहते, आणि वर कुकर असेल तर आणखी निर्धास्त, कारण झाकण बंद असतं. मी तर म्हणेन, शिडाच्या बोटीवर कुकर शोभतो तितका मुंबईच्या स्वयंपाकघरातही शोभत नाही.

पुठ्ठ्याचा खोका बोटीवर आणायचा नाही, हा तिथला अलिखित कायदा. खोक्याच्या घड्यांत झुरळाची अंडी असतात. बाजारातून आलं की सगळा माल डिंगीतच पिशव्यांत काढायचा आणि खोके परत धक्क्यावर. आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी रबरी होडी, ती रात्री दोरानं वर उचलून बांधायची. नाहीतर सकाळी दोर असतो, डिंगी नसते.

मासे म्हणाल तर दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या सुनेला, म्हणजे मला, तिथे एक गोष्ट नव्यानं शिकावी लागली. तिथल्या प्रवाळातले काही मोठे मासे विषारी असतात. ते विष प्रवाळावरच्या बारीक जीवांतून लहान माशात, लहानातून मोठ्यात साठत जातं. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही, कितीही उकळा, विष जात नाही. म्हणून बराकुडा नावाचा सुळसुळीत मासा गळाला लागला तर सोडून द्यायचा आणि बाकीच्यांबद्दल तिथल्या कोळ्याला विचारायचं. खोल पाण्यात गळ टाकून टूना मिळाला की मात्र आमसुलं घालून कालवण.

ग्रेनाडाहून उत्तरेला करियाकू बेटावर जायचं तर वाटेत पाण्याखाली जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचं नाव 'किक एम जेनी'. तो शांत असतानाही त्याच्यापासून दीड किलोमीटर लांबून जायचा नियम आहे. नकाशावर एक वर्तुळ आखलेलं आहे आणि आम्ही ते निमूटपणे टाळतो. वरून पाहिलं तर साधा समुद्र.

कागदपत्रांबद्दल फार बोलत नाही, नाहीतर वेळ त्यातच जाईल. बहुतेक मोठी बेटं म्हणजे वेगवेगळे देश. आत शिरताना पिवळा झेंडा लावायचा, इमिग्रेशन-कस्टमचे शिक्के मिळाले की तो उतरवून त्या देशाचा लावायचा. ग्रेनाडा, त्रिनिदाद आपल्या पासपोर्टला व्हिसा मागत नाहीत. गंमत पुढे आहे: घरी यायचं तर वाटेत लंडनला नुसतं विमान बदलायचं, विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचं नाही, त्याला व्हिसा लागतो.

तर घरी येण्याची गोष्ट. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम. विम्याच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं, या काळात बोट कुठे ठेवायची, कशी बांधायची. आम्ही ती जमिनीवर काढतो. दोन रुंद पट्ट्यांत धरून क्रेन तिला पाण्याबाहेर उचलते, लोखंडी टेकूंवर बसवते आणि मग जाड पट्टे जमिनीतल्या कड्यांना आवळतात. शिडं उतरवायची, छताचं कापड काढायचं, वाऱ्याला धरायला काही ठेवायचं नाही. आत सगळी लाकडी फळकुटं व्हिनेगरनं पुसायची, नाहीतर बुरशी. आणि बोटीच्या अंगातली बारीकसारीक भोकं जाळीनं बंद करायची. कुंभारमाशी तिथेही आहे. एखादी नळी उघडी राहिली की तिनं चिखल भरून घर केलंच.

याच दिवसांत हर्णैच्या बंदरात काय चाललेलं असतं? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला घेतलेली. तिकडची बोट शाकारून आम्ही येतो ते इकडच्या शाकारलेल्या होड्यांत. दोन्ही समुद्र एकाच वेळी माणसाला घरी पाठवतात. त्यामुळे आमचा गणपती कधी चुकत नाही. पण शिमगा नाही, लग्नसराई नाही आणि आंबा नाही. तिकडे ज्युली नावाचा आंबा मिळतो, लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. चांगला आहे. माझं यापुढचं मत मी तिकडे कुणाला सांगत नाही.

हे चक्र एकदा मोडलं, २०२० साली. मार्चमध्ये ग्रेनाडाचा विमानतळ बंद झाला, संचारबंदी लागली आणि आम्ही बोटीवरच अडकलो. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. इकडे भरदुपार, तिकडे पहाटेचे साडेतीन-चार. आम्ही नांगर टाकलेल्या बोटीत, आजूबाजूला पाणी इतकं शांत की लाज वाटावी, आणि हातातल्या फोनवर आमचं घर, आमची वाडी आणि घरात एकट्या सासूबाई, यांच्यावरून ढगांचं ते पांढरं चाक सरकताना दिसतंय. मग फोन लागेनासे झाले. दापोलीकडे वीज नाही, टॉवर नाहीत. काही दिवसांनी शेजारचे काका टेकडीवर रेंज शोधत चढले आणि त्यांनी सांगितलं, आई ठीक आहेत, कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या. किती? ते म्हणाले, "उभ्या किती ते विचार."

त्याच महिन्यात ग्रेनाडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या बाजारात जायफळं विकणाऱ्या एका म्हातारबाईशी बोलत होते. तिला म्हटलं, आमच्या गावी वादळ झालं. ती वाऱ्याचा वेग, पाऊस, काही विचारेना. तिनं विचारलं, "झाडं कसली? पुन्हा फळ धरायला किती वर्षं?" कारण ७ सप्टेंबर २००४ ला 'आयव्हन' वादळ ग्रेनाडावर आदळलं होतं. १९५५ च्या 'जॅनेट'नंतर जवळजवळ पन्नास वर्षं तिथे मोठं वादळ नव्हतं आणि लोक समजत होते, आपण वादळांच्या पट्ट्याबाहेर आहोत. तेव्हा इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा हा देश होता. एका दिवसात बहुतेक झाडं उन्मळली. जायफळाचं झाड लावलं तर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. ज्यांचं वय झालं होतं त्यांनी पुन्हा लावलीच नाहीत. पोफळीचं गणित काही वेगळं नाही. ती बाई आणि सासूबाई समोरासमोर बसल्या असत्या तर मध्ये मी दुभाषी लागले नसते.

पुढे २०२४. तेव्हा आम्ही नेहमीसारखे जूनमध्येच हर्णैला आलेले. १ जुलैला 'बेरिल' वादळ करियाकूवर आलं, ताशी सुमारे २४० किलोमीटर वाऱ्यानं. तिथे सकाळचे अकरा, इथे रात्रीचे साडेआठ. बाहेर पाऊस धोधो, लाइट गेलेली, पॉवर बँकेवर फोन. तेच पांढरं चाक, फक्त समुद्र दुसरा. ओळखीच्या काही बोटी करियाकूच्या टिरेल बेमध्ये कांदळवनात शिरून दोर बांधून बसल्या होत्या. वादळात कांदळवनात शिरायचं, ही तिकडची जुनी रीत. या वेळी ती पुरली नाही. दुसऱ्या दिवशी फोटो आले त्यांत बोटी एकमेकींवर चढलेल्या, डोलकाठ्या मोडलेल्या, कांदळाला पान राहिलेलं नाही. आमची बोट ग्रेनाडाच्या दक्षिणेला जमिनीवर होती, तिला खरचटलंही नाही. ज्यांची बोट हेच घर होतं आणि ते गेलं, त्यांना काय लिहून पाठवायचं ते मला सुचत नव्हतं. मी शेवटी विचारलं, चप्पल-कपडे आहेत का. त्या रात्री सासूबाई माझ्या शेजारी जाग्या बसून होत्या. त्यांनी एकच विचारलं, "आम्ही फोन उचलत नव्हतो तेव्हा तुम्ही असेच बसला होतात का गं?"

लोक विचारतात, भीती वाटत नाही का? वाटते. पण ती बोटीवर असताना नाही. बोटीवर हाताला काम असतं: साखळी सोड, शीड लहान कर, पंप बघ. भीती वाटते ती घड्याळातल्या साडेनऊ तासांच्या अंतरावर बसून, हात रिकामे असताना. आणि आम्ही कुठेही असलो तरी एक घर साडेनऊ तास लांब असतंच. एकाची बुरशी पुसून यावं तर दुसऱ्याला वाळवी लागलेली. याला मोकळं आयुष्य म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर दोन्हीकडची साफसफाई करावी.

जमिनीवरच्या पहिल्या काही रात्री मला पलंग हलल्यासारखा वाटतो. तो हलत नसतो, हे मला ठाऊक असतं. अंगाला साबण लावताना मी नळ बंद करते आणि नणंद हसते. नवरा आल्याआल्या मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जाऊन पंपाचे सील, स्टीलचे नटबोल्ट घेऊन येतो. तिकडे त्यांची किंमत ऐकून पोटात गोळा येतो. माझ्या बॅगेत कुकरच्या रिंगा, आमसुलं, गोडा मसाला. पापड नेत नाही, तिथल्या दमट हवेत त्यांचं फडकं होतं.

सासूबाईंचं वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांना एकटं ठेवायचं नाही हे २०२० नंतर ठरलं, आता नणंद त्यांच्याजवळ असते. पण ठरवणं वेगळं आणि नोव्हेंबरात गेटाशी रिक्षा उभी असताना पाया पडणं वेगळं. बोटीवर चला म्हटलं की आजवर त्या म्हणायच्या, "पाणी मोजून वापरायचं माझं वय गेलं." यंदा गणपतीत मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, त्या जायफळवालीला भेटता येईल का. डॉक्टर म्हणतात, विमानाला हरकत नाही. बोटीत उतरायला जिना आहे चार पायऱ्यांचा, त्याला नवरा कठडा बसवणार आहे. डिंगीतून बोटीवर कसं चढवायचं ते अजून ठरत नाही, बहुधा सरळ धक्क्यालाच बोट लावू. अडचण लंडनची आहे. विमान बदलण्यापुरत्या व्हिसाचा फॉर्म परवा भरला, त्यात बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि जन्मभर नारळ सोललेल्या हाताचे ठसे यंत्राला उमटवता येतात का, ते पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन कळेल.

नमस्कार.