अर्जाचा वरचा अर्धा भाग

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळ. ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरची गर्दी.)

ठाण्याहून पनवेलची लोकल सुटली की ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे अशी स्टेशनं येतात. रुळांच्या डोंगराकडच्या अंगाला एमआयडीसीचे गाळे आणि कारखाने. इकडे ठाण्यात वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत. इथल्या वीस-तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीचे अर्ज चाळायला वेगळा विभाग नसतो. ज्याच्या हाताखाली काम करायचं, बहुधा तोच माणूस कामातून वेळ काढून मोबाइलवर अर्ज उघडतो. त्याचं एखादं काम अडलेलं असतं आणि तेवढं करणारा माणूस त्याला हवा असतो.

(दृश्य: टेबलावर छापलेली जाहिरात, हातात पेन.)

ही जाहिरात बघा. अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं). दोन वर्षांचा अनुभव. वागळे इस्टेट.

आधी यातल्या मागण्या अधोरेखित करा. प्रत्येकीचं उत्तर पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवं, तेही जाहिरातीतल्याच शब्दांत. जॉब पोर्टलवर उमेदवार शब्द टाकून शोधले जातात. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ असेल आणि तुम्ही नुसतं ‘बीआरएस’ हे त्याचं लघुरूप लिहिलं असेल, तर त्या शोधात तुमचा अर्ज निसटू शकतो. दोन्ही लिहा.

आता अनुभवाची ओळ. बहुतेक अर्जांत ती अशी असते: ‘टॅली व जीएसटीचं काम पाहिलं.’ यातून काहीच कळत नाही. तेच काम असं लिहून बघा:

‘टॅली प्राइममध्ये महिन्याला सुमारे 150 विक्री बिलांची नोंद. जीएसटीआर-1 दर महिन्याच्या 11 तारखेच्या आत, 3-बी 20 तारखेच्या आत. खरेदीची बिलं 2-बीशी जुळवून, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा.’

जीएसटीआर-1 हे विक्रीचं रिटर्न, 3-बी हे कर भरण्याचं, आणि 2-बी म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून आपोआप तयार होणारी आपल्या खरेदीची यादी. शेवटच्या वाक्यावर मालक थांबतो. पुरवठादाराने त्याचं रिटर्न भरलं नाही, तर ते बिल 2-बीमध्ये येत नाही, इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं आणि तेवढा कर खिशातून भरावा लागतो. हे दुखणं त्याला दर महिन्याला असतं. ते निस्तरलेला माणूस अर्जात दिसला की फोन जातो.

आकडे मात्र खरेच हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘2-बी कधी तयार होतं?’ ज्याने काम केलंय तो सहज सांगतो, 14 तारखेला. न केलेला तिथेच अडखळतो.

‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ हे सुरुवातीचं उद्दिष्टाचं वाक्य काढून टाका. त्या जागी दोन ओळी पुरतात: ‘बी.कॉम., इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये 2 वर्षं अकाउंट्स असिस्टंट. राहणार कळवा, 15 दिवसांत रुजू होऊ शकतो.’ राहण्याचं ठिकाण आणि रुजू होण्याचा काळ या दोन गोष्टी इथे हटकून विचारल्या जातात, कारण लांबच्या प्रवासाला कंटाळून माणूस सोडून जाईल ही धास्ती मालकाला असते. पूर्ण पत्ता नको, स्टेशन पुरे. लग्नाच्या बायोडेटासारखी वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती ही यादीही नको. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच नको, ते रुजू होताना देता येतात.

(दृश्य: एकच रेझ्युमे दोन स्क्रीनवर. दुसरीकडे अक्षरं विस्कटलेली.)

फाइलमुळेही चांगले अर्ज वाया जातात. दोन रकान्यांचा रंगीत साचा संगणक वाचतो तेव्हा डावी-उजवीकडचा मजकूर एकमेकांत मिसळू शकतो. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवला, तर त्यातले शब्द शोधात येतीलच असं नाही. मराठी अर्ज जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर वर्ड फाइलची अक्षरं अशी विस्कटतात. म्हणून एकच रकाना, साधा फाँट, 11 पॉइंट, पीडीएफ. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या. ‘न्यू फायनल 3’ डाउनलोडमध्ये कुणाला सापडणार?

ईमेल कोरा पाठवू नका. विषयात पद, नाव, अनुभव. आत चार ओळी: जाहिरात कुठे पाहिली, त्यातलं कुठलं काम तुम्ही केलंय, कधी रुजू व्हाल, फोन नंबर.

अनुभव नसेल तर काय केलंय तेच नेमकं मांडा. आयटीआय फिटरने ‘मेहनती’ लिहिण्यापेक्षा ‘मायक्रोमीटरवर 0.01 मिमीपर्यंत माप घेता येतं’ असं लिहावं. मध्ये खंड पडला असेल तर एका ओळीत कारण द्या आणि पुढे जा.

(दृश्य: मोबाइलवर जतन केलेली जाहिरात.)

अर्ज पाठवला की जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. जागा भरली की जाहिरात पोर्टलवरून उतरते, आणि फोन कधीकधी तीन आठवड्यांनी येतो. आठवडाभर उत्तर नाही आलं, तर त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची एकच आठवण पाठवा. रोज फोन करू नका. आणि कुणी नोंदणीचे म्हणून आधी पैसे मागितले, तर तिथे अर्जच करू नका.